खाजगी शाळांच्या संस्थाचालकांसाठीचे निवासी शिबिर: साडेसोळा हजारांत काय मिळाले

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आणि संस्थेचा कार्यवाह या नात्याने मी, असे दोघे लोणावळ्याजवळ भरलेल्या एका चार दिवसांच्या निवासी शिबिराला जाऊन आलो. खाजगी शाळांचे संस्थाचालक आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी नेतृत्व, कर्मचारी-व्यवस्थापन आणि निधीसंकलन असे तीन विषय एकत्र बांधून ते आखलेले होते. शुल्क माणशी साडेसोळा हजार रुपये आणि त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा, म्हणजे दोघांचे मिळून जवळपास एकोणचाळीस हजार. तालुक्याच्या गावातील एक अनुदानित मराठी माध्यमाचे हायस्कूल आणि त्याच आवारातील एक स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी प्राथमिक शाळा एवढाच ज्या संस्थेचा पसारा आहे, तिच्या कार्यकारी मंडळाने हा खर्च सहजासहजी मंजूर केला नाही, हे सांगायला नको. विधानसभा निवडणूक तोंडावर होती आणि बाईंचे निवडणूक-प्रशिक्षण नेमके त्याच आठवड्यात निघेल अशी धास्तीही होती. ते निघाले नाही आणि आम्ही गेलो. अशी शिबिरे आता अनेक ठिकाणी होऊ लागली आहेत आणि त्यांची माहितीपत्रके दर पंधरवड्याला शाळेच्या पत्त्यावर येऊन पडतात, म्हणून जाण्याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला दिवस नेतृत्वाचा होता आणि तो वाया गेला, असे स्पष्टच म्हणावे लागते. व्याख्याते कंपन्यांमध्ये प्रशिक्षण देणारे होते. बोलणे सफाईदार होते, पडद्यावरची चित्रे देखणी होती, आणि नेता आपली माणसे स्वतः निवडतो, त्यांना उद्दिष्ट देतो, ते गाठणाऱ्याला बक्षीस देतो आणि न गाठणाऱ्याला निरोप देतो, असा एकूण सिद्धान्त होता. अडचण अशी की महाराष्ट्रातील खाजगी शाळेत, विशेषतः अनुदानित शाळेत, यांतले एकही काम एका माणसाच्या हातात नसते. शिक्षक शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून येतो, त्याचा पगार शालार्थ प्रणालीतून शासन देते, पदे किती ती विद्यार्थिसंख्येवरून होणारी संचमान्यता ठरवते, आणि मुख्याध्यापक कोण हे बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेची यादी ठरवते. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतील तिसऱ्या नियमानुसार ज्येष्ठतम पात्र शिक्षकाला, त्याची सेवा समाधानकारक असेल तर, डावलता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांना यात मोकळीक आहे, बाकीच्यांना नाही. त्यामुळे ‘योग्य नेता निवडा’ हा सल्ला आमच्यासारख्यांच्या दृष्टीने निरर्थक ठरतो. निवड आधीच झालेली असते आणि खरा प्रश्न असतो तो अठ्ठावीस वर्षे गणित उत्तम शिकवलेल्या, पण कधीही अंदाजपत्रक न पाहिलेल्या शिक्षकाला निवृत्तीपूर्वीच्या तीन-चार वर्षांत मुख्याध्यापकपद पेलता यावे यासाठी संस्थेने काय करायचे, हा. तो प्रश्न बाईंनी विचारला. ‘तुमच्यात ती मानसिकता हवी’ असे उत्तर मिळाले.

कार्यकारी मंडळ आणि मुख्याध्यापक यांच्यातील सीमारेषेबद्दल तर दिवसभरात एक शब्दही निघाला नाही. आमच्यासारख्या संस्थांतील निम्मी भांडणे तिथेच असतात. वेळापत्रकात कार्यवाहाने हात घालावा का, शिपायाची रजा कोणी मंजूर करावी, अध्यक्षांच्या नातवाच्या तुकडीबद्दल पर्यवेक्षकांना परस्पर फोन जावा का, या गोष्टी लहान वाटतात, पण मुख्याध्यापकाचा अधिकार त्यांतच घडतो किंवा मोडतो. (हे लिहिताना मी स्वतः निर्दोष आहे असा दावा नाही. बाई शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या आणि वेळापत्रकाचा उल्लेख होताच त्यांनी माझ्याकडे पाहिले.) मतभेद कसे मिटवावेत यासाठी व्याख्यात्यांनी परदेशी विमान कंपनीचे उदाहरण घेतले. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढणाऱ्या मंडळींत, आजीव सदस्यांनी संस्थेबाहेर उत्पन्न मिळवावे की नाही यावरून जो वाद झाला आणि ज्याची परिणती १८९० मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात झाली, त्याहून बोलके उदाहरण कशाला हवे होते? शिक्षकच संस्थेचे चालक असतील तर शिस्त कोणी कोणाला लावायची, हा त्यातला पेच आजही जसाच्या तसा आहे. खाजगी शिकवणीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने बंदी असूनही गावोगावच्या स्टाफरूममध्ये तो रोज नव्याने उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चित्र पालटले. एका मोठ्या शिक्षणसंस्थेतून निवृत्त झालेले कार्यालय अधीक्षक बोलायला उभे राहिले. त्यांच्याजवळ पडद्यावर दाखवायला काही नव्हते. त्यांनी प्रत्येक जोडीपुढे सुमारे साठ पानांची एक फाइल ठेवली. नावे खोडलेल्या कोण्या शिक्षकाचा नेमणूक आदेश, वैयक्तिक मान्यतेचे पत्र, रजेचे अर्ज, तीन ज्ञापने (मेमो), गोपनीय अहवालांचे नमुने आणि अखेर सेवासमाप्तीचे पत्र असा तो ऐवज होता. हे प्रकरण शाळा न्यायाधिकरणापुढे गेले तर संस्था टिकेल का, एवढाच प्रश्न त्यांनी घातला आणि दीड तास दिला. सभागृहातील साठ-सत्तर माणसांपैकी बहुतेकांनी संस्था टिकेल असेच म्हटले, कारण फाइल जाड होती आणि शिक्षकाच्या चुकाही खऱ्या होत्या. मग त्यांनी एकेक पान उलटायला सुरुवात केली. नेमणूक आदेशात जागा कायम रिक्त आहे की तात्पुरती याचा उल्लेख नव्हता. तीनपैकी दोन ज्ञापनांवर पोच नव्हती. परिविक्षेच्या, म्हणजे कायम होण्याआधीच्या चाचणीच्या, काळातील एकाही वर्षाचा अहवाल भरलेला नव्हता.

या शेवटच्या मुद्द्यावर ते अर्धा तास थांबले, आणि शिबिराचे पैसे वसूल झाले असतील तर ते त्या अर्ध्या तासात. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ चा आणि त्याखालील नियमावली १९८१ ची. अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार कायम रिक्त पदावर नेमलेला कर्मचारी दोन वर्षे परिविक्षेवर असतो, शिक्षणसेवकासाठी ही मुदत तीन वर्षांची आहे, आणि ती उलटली की वेगळा आदेश निघो वा न निघो, तो कायम झाल्याचे मानले जाते. परिविक्षेत काम समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचे वेतन देऊन सेवा थांबवता येते, हे बहुतेक संस्थाचालकांना तोंडपाठ असते. नियमावलीतील पंधरावा नियम मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो. गोपनीय अहवाल दरवर्षी लिहिला गेला नाही, किंवा त्यातील प्रतिकूल शेरे ठरलेल्या मुदतीत कर्मचाऱ्याला लेखी कळवले नाहीत, तर त्या काळातील त्याचे काम समाधानकारक होते असाच अर्थ होतो, असे तो नियम सांगतो. म्हणजे मुख्याध्यापकाने भिडेपोटी किंवा आळसाने कोरा ठेवलेला कागद कोरा राहत नाही. तो कर्मचाऱ्याच्या बाजूने लिहिलेले प्रशस्तिपत्रक होतो.

आम्हाला हे ऐकताना विशेष बोचले, कारण काही वर्षांपूर्वी आमच्याच संस्थेने एका परिविक्षाधीन शिक्षकाची सेवा अशीच थांबवली होती. त्यांच्या वर्गाबद्दल पालकांच्या तोंडी तक्रारी होत्या, मंडळाच्या बैठकीत चर्चाही झाली होती, पण कागदावर काहीच नव्हते. त्यांनी तीस दिवसांच्या मुदतीत त्याच अधिनियमाच्या नवव्या कलमाखाली न्यायाधिकरणाकडे अपील केले आणि ते जिंकले. पुनर्नियुक्ती झाली, थकित वेतनाचा बोजा संस्थेवर पडला, आणि आज ते शिक्षक आमच्याकडे चांगले काम करीत आहेत. या शेवटच्या वाक्याने सगळ्या प्रकरणाचा अर्थच बदलतो, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. अधीक्षकांचाही रोख तोच होता. अहवाल हे काढून टाकण्याचे हत्यार समजू नका, ऑगस्ट-सप्टेंबरात वर्गात जाऊन बसा, दिसले ते लॉगबुकात लिहा, त्या शिक्षकाची सही घ्या आणि दिवाळीनंतर पुन्हा जा, एवढे त्यांचे म्हणणे होते. दुपारच्या सत्रात त्यांनी विभागीय चौकशीची रीत सांगितली. शिक्षकाच्या चौकशी समितीत संस्थेचा एक, कर्मचाऱ्याने सुचवलेला एक आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या ठरलेल्या यादीतून (नामिकेतून) घेतलेला एक असे तीन सदस्य लागतात, हे छत्तिसाव्या नियमातले गणित अनेक जण प्रथमच ऐकत होते. अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन आणि आरक्षणाची बिंदुनामावली यांवर प्रश्नांचा असा भडिमार झाला की चहा थंड झाला. आयोजकांनी या गृहस्थांना एकच दिवस दिला होता. माझ्या मते अधिक दिवस त्यांनाच द्यायला हवे होते.

तिसरा आणि चौथा दिवस निधीसंकलनाचा. आमचे खरे आकर्षण हेच होते, कारण अनुदानित शाळेला पगार मिळतो म्हणजे सगळे मिळते असा गावाचा समज असला, तरी वेतनेतर अनुदान इतके तुटपुंजे आणि इतके अनियमित असते की खडू, वीज, झाडलोट आणि गळके छप्पर हा सारा भार संस्थेवरच येतो. या दोन दिवसांतील तंत्राचा भाग चांगला होता. देणगी मागण्याआधी आपल्या शाळेचा एका विद्यार्थ्यामागचा वर्षाचा खर्च काढा, ‘शाळेला मदत करा’ असे न म्हणता ‘प्रयोगशाळेच्या दोन टेबलांचे इतके रुपये’ असे नेमके मागा, आणि देणगी मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्या टेबलाचा फोटो आणि बिलाची प्रत देणगीदाराला पाठवा, हे सल्ले साधे असले तरी आम्ही ते कधी पाळले नव्हते. माजी विद्यार्थ्यांची यादी जनरल रजिस्टरवरून दहावीच्या बॅचप्रमाणे करा आणि प्रत्येक बॅचमधील एकच माणूस गाठा, हेही पटले. आमच्याकडे त्या रजिस्टरला वाळवी लागायच्या बेतात आहे, हे तिथे बसल्या बसल्या आठवले.

उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीवरचे सत्र माहितीचे होते. कंपनी कायदा २०१३ च्या एकशे पस्तिसाव्या कलमानुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता किमान ५०० कोटी, किंवा उलाढाल किमान १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा किमान ५ कोटी रुपये असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. तो निधी घ्यायचा तर संस्थेची प्राप्तिकर खात्याकडील नोंदणी हवी, तीन वर्षांच्या कामाचा लेखाजोखा हवा आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा क्रमांकही हवा. एवढे सगळे नीट सांगितले गेले. सांगितले गेले नाही ते असे की कंपन्यांना डोळ्यांना दिसणारी वस्तू द्यायला आवडते. शेजारच्या तालुक्यातील एका शाळेत देणगीतून आलेले स्मार्ट बोर्ड प्रत्येक वर्गात लागले आहेत आणि वीजबिल थकल्याने ते बंद आहेत. बिल, डागडुजी, रात्रीचा पहारेकरी यांसाठी कोणीही फीत कापायला येत नाही. त्यासाठी कायम निधीच, म्हणजे मूळ रक्कम न मोडता व्याजावर चालणारा निधीच लागतो, आणि देणगी कायम निधीत जमा करायची तर देणगीदाराचे तसे लेखी पत्र घ्यावे लागते व ती रक्कम कायद्याने सांगितलेल्या गुंतवणुकीतच वेगळी ठेवावी लागते. हा मुद्दा मी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या एका कार्यवाहांकडून शिकलो, व्यासपीठावरून नव्हे.

कायद्याच्या बाबतीत या दोन दिवसांत ढिलाई होती आणि तीच माझी मुख्य तक्रार आहे. ‘कर वाचतो असे सांगा, लोक देतात’ हे वाक्य तीनदा ऐकले. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ८० जी कलमाखाली पन्नास टक्के वजावट मिळते हे खरे, पण नवी करप्रणाली घेतलेल्याला ती मिळत नाही, आणि २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होणारी प्रणाली असल्याने नोकरदार माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना या आमिषाचा उपयोग नाही. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही आणि वर्षाअखेरीनंतर ३१ मेपर्यंत १० बीडी हे विवरणपत्र भरल्याशिवाय देणगीदाराला १० बीई प्रमाणपत्र देता येत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये विलंबशुल्क आहे. हे सगळे काम शेवटी लिपिकाच्या टेबलावर येते, आणि लिपिकाचे नावही या सत्रात निघाले नाही.

परदेशातील माजी विद्यार्थ्यांबद्दल तर चक्क चुकीचे सांगितले गेले. ‘अमेरिकेतल्या आपल्या मुलांकडून थेट शाळेच्या खात्यात पैसे मागवा’ असा सल्ला होता. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम कायद्याच्या भाषेत विदेशी अंशदान (परदेशी देणगी) ठरत नाही. पण ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे भारताचे ओसीआय कार्ड असले तरी त्याची देणगी विदेशी अंशदानच असते, आणि ती घेण्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान विनियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खाते लागते. एकाच बॅचचे, एकाच बाकावरचे दोन मित्र, दोघेही न्यू जर्सीत, आणि एकाची देणगी चालते तर दुसऱ्याची चालत नाही. हे माहीत नसलेल्या संस्थेला हा सल्ला महागात पडू शकतो.

त्याहून वाईट सल्ला चौथ्या दिवशी मिळाला. प्रवेशाच्या वेळीच पालकांसमोर ‘ऐच्छिक विकास देणगी’चा अर्ज ठेवावा, कारण त्या क्षणी पालक नाही म्हणत नाहीत, असे एका वक्त्यांनी हसत हसत सांगितले आणि काही खुर्च्यांतून मानाही डोलल्या. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन शुल्काला, म्हणजे प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जादा रकमेला, बंदी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार प्रवेश देताना घोषित शुल्काव्यतिरिक्त कोणतीही देणगी घेणे हा गुन्हा असून त्यासाठी घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. पालक नाही म्हणू शकत नाही याच कारणासाठी ती देणगी ऐच्छिक नसते, हे शिक्षणसंस्था चालवणाऱ्याला कोणी समजावून सांगावे लागू नये. शुल्कवाढ हवी असेल तर २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमाने दाखवलेली वाट आहे. ती लांबची आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी हिशेब मांडायचे आणि प्रत्येक आकड्याचे उत्तर द्यायचे. आमच्या इंग्रजी शाळेत हे दोनदा केले आहे. पहिल्या वेळी घाम फुटला, दुसऱ्या वेळी त्याच समितीतील एका पालकाने स्वतःहून संगणककक्षाच्या वायरिंगचा खर्च उचलला.

निधीसंकलनाच्या दोन्ही दिवसांत अमेरिकी विद्यापीठांच्या कोट्यवधींच्या देणग्यांची चित्रे आली. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या भाऊरावांनी घराघरांतून मूठभर धान्य कसे जमवले, किंवा विठ्ठलदास ठाकरसी यांच्याकडून पंधरा लाखांची देणगी मिळण्याआधी अण्णासाहेब कर्वे वर्षानुवर्षे किती लहान लहान रकमांसाठी पायपीट करीत होते, याचा उल्लेखही आला नाही. अभिमानाची गोष्ट म्हणून मी हे म्हणत नाही. मूठभर धान्याच्या पद्धतीत एक व्यवहार होता. देणारा गरीब असला तरी त्याचा शाळेवर हक्क निर्माण होत असे आणि तो येऊन चार गोष्टी विचारीत असे. आमच्या गावात आजही पन्नास हजार देणाऱ्यापेक्षा पाचशे रुपये देणारा अधिक वेळा शाळेत डोकावतो आणि नळ गळत असेल तर तोच आधी सांगतो.

सोयींबद्दल थोडक्यात सांगायचे तर खोल्या स्वच्छ होत्या, जेवण चांगले पण तिखट कमी होते, आणि सत्रे वेळेवर सुरू होत. छापील टिपण जाड असले तरी त्यातील कायद्याचा भाग जुना होता. सेवाशर्तींच्या नियमावलीची मराठी प्रत देऊ असे आश्वासन मिळाले होते, ती अखेर आम्ही पुण्यात पुस्तकांच्या दुकानातून विकत घेतली. शिबिरानंतर तीन महिने दूरध्वनीवर मार्गदर्शन हा शुल्काचाच भाग होता. प्रत्यक्षात दोन वेळा फोन केला तेव्हा ‘सर बाहेरगावी आहेत’ असे उत्तर मिळाले, आणि तिसऱ्या वेळी पुढच्या पातळीच्या शिबिराचे आमंत्रण व्हॉट्सअॅपवर आले, शुल्क चोवीस हजार.

मोठ्या शहरातील, अनुदान न घेणारी, भरपूर शुल्काची शाळा चालवणाऱ्यांना पहिला दिवसही कदाचित उपयोगी वाटेल. आमच्यासारख्या अनुदानित संस्थांनी सगळे चार दिवस घेण्यात अर्थ नाही, आणि निधीसंकलनाचे दोन दिवस ऐकायचेच असतील तर परतल्यावर आपल्या सनदी लेखापालांना विचारल्याशिवाय त्यातले काही करू नये. आम्ही परतल्यावर जून ते ऑक्टोबर या काळातील लॉगबुके बाहेर काढली. तीन शिक्षकांच्या वर्गात त्या वर्षी कोणीच जाऊन बसलेले नव्हते, आणि त्यांपैकी दोन परिविक्षेवर होते. बाईंनी त्याच आठवड्यात वेळापत्रक लावले. मी त्यात हात घातला नाही.

मंडळाच्या जानेवारीच्या बैठकीत असे ठरले की पुढच्या खेपेस आमच्या वरिष्ठ लिपिकांना एकट्यांना पाठवावे, तेही केवळ दुसऱ्या दिवसासाठी. एका दिवसाचे वेगळे शुल्क घेणार का, अशी लेखी विचारणा आयोजकांकडे केली आहे. पोच आली आहे, उत्तर आलेले नाही.